आमदारांची खबरबात

(आकाशवाणीवर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आपल्या मतदारसंघाचे आमदार कोण, असं कुणी विचारलं तर आपण पटकन नाव सांगतो. पक्ष सांगतो, आधी कोणत्या पक्षात होते तेही सांगतो. गाडी कुठली, बंगला कुठे, पुतण्या काय करतो, हेसुद्धा पुष्कळांना ठाऊक असतं. पण मागच्या अधिवेशनात त्यांनी कोणता प्रश्न विचारला आणि त्याला काय उत्तर मिळालं, असं विचारलं तर चौकात बसलेली दहा माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघतील. आमच्या तालुक्याच्या गावी चहाच्या टपरीवर मी हे दोन-तीनदा विचारून पाहिलं आहे. एकदा एक जण म्हणाला, "विचारला असेल की. न विचारता कसं चालेल?" त्याच्या बोलण्यात विश्वास होता की उदासीनता, ते मला अजून कळलेलं नाही.

आज मला याच विषयावर बोलायचं आहे. आमदाराचं काम काय असतं आणि त्या कामाची बातमी आपल्यापर्यंत कशी पोचते, किंवा पोचत नाही. मी राजकारणाचा अभ्यासक नाही. कविता लिहिणारा माणूस आहे. शब्दांकडे जरा निरखून बघायची सवय आहे, तेवढ्या भांडवलावर बोलतो आहे.

आमदारांची बातमी मिळत नाही असं मात्र कुणी म्हणू शकणार नाही. बातम्यांचा सुकाळ आहे. एस.टी. स्टँडवर उतरलं की समोर फ्लेक्स. गल्लीत शिरलं की फ्लेक्स. भूमिपूजन, लोकार्पण, सदिच्छा भेट, सांत्वनपर भेट, वाढदिवस, पुतण्याचा वाढदिवस. हल्ली मोबाइलवर गाण्यासह मिनिटभराची फीत येते. तीत साहेब गाडीतून उतरतात, हात जोडतात, पुन्हा गाडीत बसतात. मी याची थट्टा करत नाही. माणसाच्या सुखदुःखात उभं राहणं हेही लोकप्रतिनिधीचं कामच आहे. माझ्या वडिलांची मयत झाली तेव्हा त्या वेळचे आमदार घरी आले होते आणि कबरस्तानापर्यंत पायी चालत आले होते. पुढे घरातल्या कुणी त्यांना मत दिलं असेल, कुणी दिलं नसेल. पण ते चालत आले होते, ही गोष्ट आमच्याकडे आजही सांगतात.

अडचण अशी आहे की, एवढीच बातमी येत राहिली की आपल्याला वाटू लागतं, आमदाराचं काम एवढंच. पूल द्यायचा, सभामंडप द्यायचा, लग्नाला यायचं. देणारे ते आणि घेणारे आपण.

काही वर्षांपूर्वी एका आमदारांच्या कार्यालयातून मला निरोप आला. पाच वर्षांचा कार्यअहवाल छापायला जायचा होता. त्यांचे स्वीय सहायक भले गृहस्थ होते. म्हणाले, "कविराज, जरा शुद्धलेखन बघून द्या. आणि दर चार पानांनी एक चारोळी टाकली तर बहार येईल." चारोळ्या मी दिल्या नाहीत. शुद्धलेखन मात्र मन लावून तपासलं. गुळगुळीत कागदाची बहात्तर पानं. रस्ते, पूल, समाजमंदिरं, व्यायामशाळा, बसथांब्याच्या शेड, स्मशानभूमीच्या भिंती. प्रत्येक कामापुढे रुपयांचा आकडा. बहुतेक पानांवर फीत आणि कात्री. शेवटून दुसऱ्या पानावर 'विधानसभेतील कामगिरी' असं शीर्षक आणि त्याखाली एकच वाक्य होतं. मतदारसंघातील अनेक ज्वलंत प्रश्न सभागृहात पोटतिडकीने मांडले.

मी विचारलं, "यातले दोन-चार प्रश्न लिहू या का? कोणते मांडले, काय उत्तर आलं?" ते हसले. म्हणाले, "कविराज, ते कोण वाचतंय?"

तेव्हा मला ते उत्तर खटकलं. नंतर वाटलं, त्यांचं काय चुकलं? आपणच ते कधी मागितलेलं नाही.

आता पहिल्यापासून बघू. आपण आमदाराला मुंबईला पाठवतो ते कशासाठी? महाराष्ट्राच्या विधानसभेत निवडून आलेले २८८ सदस्य आहेत, विधान परिषदेत ७८. वर्षाला साधारण तीन अधिवेशनं. मार्चच्या सुमारास अर्थसंकल्पाचं, मग पावसाळी, आणि डिसेंबरच्या थंडीत नागपूरचं हिवाळी. नागपूरचं अधिवेशन हे १९५३ सालच्या नागपूर कराराचं देणं आहे. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर पडता कामा नये, असं राज्यघटनाच सांगते.

तिथे आमदाराची कामं मुख्यतः तीन. एक, कायदे करणं. दोन, सरकारने पैसा कुठे खर्च करावा याला मंजुरी देणं. तीन, सरकारला जाब विचारणं. फीत कापणं या तिन्हींत येत नाही.

जाब विचारण्याची जी साधनं आहेत, त्यांची नावं मला फार आवडतात. तारांकित प्रश्न. यादीत त्या प्रश्नावर चांदणीची खूण असते, म्हणून तारांकित. याचं उत्तर मंत्र्याने सभागृहात उभं राहून द्यायचं असतं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. चांदणी नसेल तो अतारांकित, त्याचं उत्तर लेखी येतं. तातडीच्या सार्वजनिक गोष्टीकडे मंत्र्याचं लक्ष वेधायचं असेल तर लक्षवेधी सूचना. एखाद्या उत्तराने समाधान झालं नाही तर अर्धा तास चर्चा. सरकारी नसलेल्या सदस्यानेही कायदा सुचवावा, म्हणून अशासकीय विधेयक. आपल्या राज्याने १९६४ साली राजभाषेचा अधिनियम केला, आणि आज हा सगळा कारभार मराठीत चालतो. संस्कृत वळणाच्या 'लक्षवेधी'शेजारी कायदा, हक्क, अर्ज, मंजूर, हिशेब असे आमच्या घरातल्या अरबी-फारसी वळणाचे शब्द मांडी घालून बसलेले दिसतात. म्हणजे निदान भाषेची तरी अडचण नाही. सातवी शिकलेल्या माणसालाही हे वाचता येईल.

आणि ते वाचण्यासारखं असतं. तारांकित प्रश्नाचा साचा ठरलेला आहे. 'सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय' अशी सुरुवात. मग क्रमांक एक, अमुक तालुक्यातल्या रुग्णालयात डॉक्टरांची पदं रिक्त आहेत, हे खरे आहे काय? क्रमांक दोन, असल्यास, याबाबत चौकशी केली आहे काय? तीन, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली? आणि शेवटचा, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

उत्तरंही ठरलेली. होय, हे खरे आहे. हे अंशतः खरे आहे. हे खरे नाही. आणि 'विलंबाची कारणे काय' या शेवटच्या प्रश्नापुढे बहुधा तीन शब्द येतात. प्रश्न उद्भवत नाही.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा थबकलो होतो. दवाखान्यात डॉक्टर नाही, माणूस दारात उभा आहे आणि कागद म्हणतो, प्रश्न उद्भवत नाही. सरकारी भाषेत त्याचा अर्थ साधा आहे. कार्यवाही झाली असं आधीच सांगितलं असेल, तर विलंबाचं कारण सांगण्याची गरज उरत नाही. पण कार्यवाही खरोखर झाली की नाही, हे मुंबईत बसून कळत नाही. ते गावातच कळतं. म्हणून ती यादी गावात यायला हवी.

आमच्या गावात एकदा ती आली. गावच्या वाचनालयात सायंकाळी काही निवृत्त मंडळी जमतात. त्यातल्या एका मास्तरांना विधिमंडळाचं संकेतस्थळ उघडायचा नाद लागला. प्रश्नोत्तरांच्या याद्या चाळता चाळता त्यांना आमच्या ग्रामीण रुग्णालयाचं नाव दिसलं. प्रश्न चार-पाच आमदारांनी मिळून विचारला होता, आमच्या आमदारांचं नावही त्यात होतं. स्त्रीरोगतज्ज्ञाचं पद रिक्त आहे, हे खरे आहे काय? उत्तर होतं, हे अंशतः खरे आहे. पर्यायी व्यवस्था करण्यात आली असून पद भरण्याची कार्यवाही सुरू आहे. मास्तरांनी तो कागद छापून वाचनालयाच्या फळ्यावर लावला.

आमच्या भागात काम करणाऱ्या एक आशाताई आहेत. पोटुशा बायांना घेऊन रात्री-अपरात्री जिल्ह्याच्या गावी जाणाऱ्या त्याच. त्यांनी तो कागद दोनदा वाचला आणि मला म्हणाल्या, "भाई, म्हंजे कागदावर डॉक्टरीणबाई हाय म्हणा की. मग दवाखान्यात का न्हाई?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण हा प्रश्न आतापर्यंत कुणी विचारला नव्हता, कारण तो विचारायला हातात कागद नव्हता. मग आशाताई, मास्तर आणि आणखी सात-आठ जण तो कागद घेऊन आधी आमदारांकडे गेले आणि नंतर जिल्हा शल्य चिकित्सकांकडे. आमदारसाहेब चकित झाले. त्यांच्या प्रश्नाचं छापील उत्तर घेऊन मतदार दारात यावेत, असं कदाचित प्रथमच घडत होतं. त्यांनी मनापासून पाठपुरावा केला, हेही मी सांगितलं पाहिजे. पद काही कायमचं भरलं गेलं नाही. पण आठवड्यातून दोन दिवस एक डॉक्टर येऊ लागल्या. दोन दिवस ही फार मोठी गोष्ट नव्हे. मात्र ज्या बाईचे दिवस भरत आले आहेत, तिला मंगळवारी डॉक्टर भेटणार की नाही, हा प्रश्न बारीक नाही. यावर कुठेही फ्लेक्स लागला नाही.

आता पैशाचं बोलू. आपल्याकडे एक वाक्य फार ऐकू येतं. साहेबांनी निधी आणला. यातल्या 'आणला' या क्रियापदावर माझी हरकत आहे. कुठून आणला? घरून? सासरवाडीहून? जो पैसा आपण काडीपेटीपासून मोटारसायकलपर्यंत प्रत्येक खरेदीवर कर म्हणून भरला, त्यातलाच तो आहे. आमदार स्थानिक विकास निधीची पद्धत पाहिली तर पैसा आमदाराच्या हाती येतही नाही. कोणतं काम घ्यावं हे आमदार सुचवतो. प्रशासकीय मंजुरी जिल्हाधिकारी देतात. काम सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषद, नगरपालिका अशा यंत्रणा करतात. तेव्हा व्याकरणदृष्ट्या शुद्ध वाक्य असं होईल की, साहेबांनी काम सुचवलं. फ्लेक्सवर हे लिहिलं तर कुणाचं काही बिघडणार नाही, पण रुबाब कमी होईल.

हा निधी किती? २०२२ साली तो वर्षाला प्रत्येक आमदारामागे पाच कोटी रुपये झाला. आकडा मोठा वाटतो. पण २८८ आमदारांचा हिशेब केला तर वर्षाला १,४४० कोटी होतात. २०२५-२६ साली राज्याचा अर्थसंकल्प सात लाख कोटी रुपयांच्या घरात होता. भागाकार करून पाहा. राज्याच्या खर्चातल्या दर हजार रुपयांपैकी विधानसभेच्या सगळ्या आमदारांचा मिळून हा निधी साधारण दोन रुपये भरतो.

श्रोतेहो, माझं आजचं सगळं बोलणं या एका आकड्यात आलं. आपल्याला बातमी मिळते ती हजारातल्या दोन रुपयांची. उरलेल्या नऊशे अठ्ठ्याण्णव रुपयांना हात वर करून मंजुरी देणारेही हेच आमदार असतात. शाळेला किती, पाटबंधाऱ्याला किती, दवाखान्याला किती, व्याज भरण्यात किती. कित्येक खात्यांच्या मागण्या वेळ संपला म्हणून चर्चेविना मंजूर होतात. वर दर अधिवेशनात पुरवणी मागण्या येतात. त्या वेळी आपले आमदार सभागृहात होते का, बोलले का, काय बोलले, याची बातमी आपल्या गल्लीत कधी लागत नाही. दोन रुपयांच्या शेडवर मात्र नाव दगडात कोरलेलं असतं.

कुणी म्हणेल, सभागृहात बोलून होतं काय? शेड निदान डोळ्यांना दिसते, तिच्याखाली सावली मिळते. हा आक्षेप रास्त आहे. म्हणून तीन जुन्या गोष्टी सांगतो.

पहिली शंभर वर्षांपूर्वीची. १९२३ सालच्या ऑगस्ट महिन्यात मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी एक ठराव मांडला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा, दवाखाने अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुले असावेत, असा तो ठराव होता. तो मंजूर झाला. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने आपलं चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. पण तळं कागदावरच खुलं होतं. पाण्याजवळ जायची कुणाची छाती होत नव्हती. १९२६ साली बोले पुन्हा उभे राहिले आणि ज्या संस्था हा ठराव अमलात आणत नाहीत त्यांचं अनुदान थांबवावं, असं त्यांनी कौन्सिलात मांडलं. आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेला जमलेल्या हजारो माणसांना घेऊन त्या तळ्यापर्यंत चालत गेले आणि पाणी प्यायले. पुढे मारहाण झाली, खटला झाला, उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ साल उजाडलं. हा इतिहास आपण जाणतो. मला त्यातला एकच धागा दाखवायचा आहे. महाडला जमलेल्या माणसांना ठाऊक होतं की, कौन्सिलात आपल्या बाजूचा ठराव झालेला आहे. ती बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. सभागृहातला शब्द आणि रस्त्यावरचं पाऊल यांची गाठ पडल्यावरच ओंजळीत पाणी आलं.

दुसरी गोष्ट वि. स. पागे यांची. सांगली जिल्ह्यातला हा माणूस १९६० पासून १९७८ पर्यंत आपल्या विधान परिषदेचा सभापती होता. ज्याच्या हाताला काम नाही त्याला सरकारने काम द्यावं, ही कल्पना त्यांनी धरली आणि १९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात ही रोजगार हमी महाराष्ट्राच्या कामी आली. आमच्या आईच्या पिढीच्या तोंडी खडी फोडल्याच्या आणि सुकडी खाल्ल्याच्या आठवणी होत्या, त्या त्याच काळातल्या. पुढे योजनेला पैसा कमी पडू नये म्हणून १९७५ साली व्यवसाय कर बसवला गेला. पगाराच्या चिठ्ठीवर आजही जो थोडासा कापला जातो, तोच तो. १९७७ साली विधिमंडळाने हमीचा कायदा केला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. योजना असेल तर सरकार देईल तेव्हा काम मिळतं. कायदा झाला की मजूर उभा राहून म्हणू शकतो, माझा हक्क आहे. २००५ साली संसदेने देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होता.

तिसरी गोष्ट मृणाल गोरे यांची. मुंबईने त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणून ओळखलं. हंडा-कळशी घेऊन त्या रस्त्यावर उतरल्या, ही बातमी सगळ्यांपर्यंत पोचली. पण आमदार असताना त्यांनी गर्भलिंगचिकित्सेविरुद्ध अशासकीय विधेयक मांडलं, हे कमी लोकांना माहीत आहे. अशासकीय विधेयक सहसा मंजूर होत नाही. पण त्याने विषय सभागृहाच्या टेबलावर आला, बाहेर स्त्री संघटनांची चळवळ होतीच, आणि १९८८ साली असा कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य ठरलं. केंद्राचा कायदा १९९४ साली आला.

या तीन गोष्टींत शेड नाही, फीत नाही. आणि तिन्हींची सावली आज किती माणसांवर आहे, ते मोजता येणार नाही.

रस्ते-पाणी बघावं आणि सभागृहही सांभाळावं, हे एका माणसाला जमतं का? जमतं. सांगोल्याचे गणपतराव देशमुख १९६२ साली प्रथम निवडून आले आणि एकूण अकरा वेळा आमदार झाले. एस.टी.ने प्रवास करणारे आमदार अशी त्यांची ख्याती होती. २०२१ साली ते गेले तेव्हा विधानसभेत अभ्यास करून बोलणारा माणूस गेला, असं सर्व पक्षांच्या लोकांनी म्हटलं. दुष्काळी तालुक्यातल्या मतदारांनी त्यांना पुन्हा पुन्हा पाठवलं, यात त्या मतदारांचंही कौतुक आहे.

सभागृहाची बातमी आपल्यापर्यंत पोचावी, यासाठी या देशात भांडणंही झाली आहेत. संसदेत बोललेलं जसंच्या तसं वर्तमानपत्रात छापलं तरी पूर्वी छापणाऱ्यावर खटला होऊ शकत असे. खासदार फिरोज गांधी यांनी एक खासगी विधेयक मांडलं आणि १९५६ साली त्याचा कायदा झाला. खरा वृत्तांत द्वेषबुद्धी न ठेवता छापणाऱ्याला त्याने संरक्षण मिळालं. आणीबाणीत, १९७६ साली, तो कायदाच रद्द केला गेला. १९७७ साली तो परत आला, आणि १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने राज्यांच्या विधिमंडळांच्या वृत्तांतालाही ते संरक्षण थेट राज्यघटनेत मिळालं. ज्या बातमीसाठी एवढं झालं, तिच्यातलं आज आपल्यापर्यंत काय येतं? कोण कुणावर धावून गेलं, कुणी कागद भिरकावले, कामकाज किती वेळा तहकूब झालं. गोंधळाची बातमी होते. शांतपणे विचारलेल्या चांगल्या प्रश्नाची होत नाही.

मग आपण काय करायचं? फार अवघड काही नाही. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरांच्या याद्या असतात, कामकाजाचे वृत्तांत असतात. गावातल्या एका तरी शिकलेल्या मुलाने अधिवेशनानंतर ते उघडून आपल्या तालुक्याचं नाव शोधावं आणि सापडेल ते वाचनालयात, ग्रामपंचायतीत, मशिदीच्या नाहीतर देवळाच्या फळ्यावर लावावं. मंत्र्याने सभागृहात 'तपासून पाहू', 'कार्यवाही करू' असं म्हटलं असेल, तर त्याचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची आश्वासन समिती आहे, हे लक्षात ठेवावं. सार्वजनिक गाऱ्हाण्याचा अर्ज सदस्यामार्फत सभागृहापुढे नेता येतो, त्यासाठी विनंती अर्ज समिती आहे. या समित्यांच्या खोल्यांत पक्षाचे झेंडे फार फडकत नाहीत आणि काम बरंच होतं. तिथे आपले आमदार कोणत्या समितीवर आहेत, हे विचारायला कुणाची बंदी नाही.

आमदारांनाही एक विनंती. मोबाइलवरची फीत पाठवा, जरूर पाठवा. तिच्याबरोबर अधिवेशन संपल्यावर एक साधा कागद पाठवा. मी हे प्रश्न विचारले, हे उत्तर आलं, या विधेयकाला मी पाठिंबा दिला, याला विरोध केला, इतके दिवस मी हजर होतो. गुळगुळीत कागद नको. चारोळी तर नकोच. सुरुवातीला फार कुणी वाचणार नाही. पण आमच्या आशाताईंसारखी एखादी बाई दोनदा वाचेल, आणि पुढच्या अधिवेशनात आपण नेमकं काय विचारायचं, ते तुम्हाला सांगायला येईल. मुंबईला जाणाऱ्या माणसाला यापेक्षा चांगली शिदोरी कुठली?

आमच्या घरात 'हिसाब' हा शब्द लहानपणापासून फार धाकाचा. कयामतच्या दिवशी प्रत्येकाला आपल्या कामांचा हिसाब द्यायचा आहे, असं आजी सांगायची. लोकशाहीने तो दिवस दर पाच वर्षांनी आणून ठेवला आहे आणि हिसाब मागायचं काम आपल्यासारख्या साध्या माणसांवर सोपवलं आहे. पण वही कोरी असेल तर हिसाब मागणार कसा? मग जात बघून, गर्दी बघून, शेवटच्या रात्रीची पाकिटं बघून मत पडतं, आणि दोष मात्र आपण राजकारणाला देतो.

म्हणून पुढच्या वेळी साहेब गल्लीत येतील, तेव्हा त्यांना हार घाला, चहा पाजा. आपली रीत सोडू नका. चहाचा कप हातात असताना अदबीने एवढंच विचारा, "साहेब, मागच्या अधिवेशनात आपण आमच्यासाठी काय विचारलंत, आणि सरकार काय म्हणालं?" पहिल्या वेळी ते हसून वेळ मारून नेतील. दुसऱ्या गल्लीत पुन्हा तोच प्रश्न आला, तिसऱ्या गावात पुन्हा आला, की अधिवेशनाला जाताना बॅगेत एक वही जास्त जाईल.